गाव आहे, नाव नाही

अनोळखी माणूस भेटला की आपण त्याला नाव विचारतो आणि लगेच गाव विचारतो. खेड्यापाड्यांत तर हा क्रम उलटाही असतो. आधी गाव, मग आडनाव, मग कुणाचा कोण. नाव आणि गाव ही जोडी आपल्या भाषेत इतकी घट्ट बसली आहे की 'नावगाव' हा एकच शब्द होऊन गेला आहे. या जोडीतले एक गाळून दुसरे तेवढे ठेवले, तर माणसाचे काय शिल्लक राहते? हा प्रश्न मला गेले काही महिने एका परदेशी चित्रकाराने घातला आहे. तो चित्रकार मरून साडेतीनशे वर्षे होत आली.

चित्रकला हा माझा विषय नव्हे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. युरोपच्या इतिहासात सतराव्या शतकाचे प्रकरण आले की तीस वर्षांचे युद्ध येते (१६१८ ते १६४८), त्याच्या शेवटी वेस्टफालियाचा तह येतो, आणि समुद्रापलीकडे इंग्लंडात राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी येते. राजे, सेनापती, तहाची कलमे यांनी टिपणवह्या भरून जातात. त्या तीस वर्षांत त्या देशांतल्या बायका काय नेसत होत्या, बाजारात जाताना डोक्यावर काय घेत होत्या, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो आपल्यालाही पडत नाही. मला तो पडला तो एका संदर्भग्रंथात छापलेल्या काही लहान चित्रांमुळे. चित्रकाराचे नाव व्हेन्सेस्लाउस होलार.

ही चित्रे खरोखरच लहान आहेत. त्यांतली पुष्कळशी पत्त्यांच्या कॅटातील पानाएवढी. प्रत्येक पानावर एकच बाई उभी. मागे भिंत नाही, खिडकी नाही, झाड नाही. पायांशी थोडीशी सावली पडलेली असते, तीच काय ती जमिनीची खूण. आणि खाली लॅटिनमध्ये एक ओळ: अँटवर्पची स्त्री. कोलोनची स्त्री. लंडनच्या व्यापाऱ्याची बायको. एवढेच. अँटवर्पची बाई डोक्यावरून पायांपर्यंत एक काळा झगा पांघरून उभी असते. त्याच्या वर, कपाळाच्या जागी, एक चपटी चकती आणि तिच्यातून निघालेला गोंडेदार देठ. स्ट्रासबुर्गकडच्या बायकांच्या टोप्या परातीएवढ्या. कुणाच्या गळ्याभोवती जात्याच्या तळीसारखी गोल, चुण्याचुण्यांची पांढरी गळपट्टी. पहिल्यांदा पाहताना थोडे हसू येते. मग हळूहळू हसू थांबते, कारण त्या टोपीखाली, त्या गळपट्टीच्या वर, एक चेहरा असतो, आणि तो चेहरा नमुन्याचा वाटत नाही. तो कुणा एकीचा वाटतो.

होलारचा जन्म १६०७ साली प्रागमध्ये झाला. वडील अधिकारी, घर खाऊनपिऊन सुखी. तो दहा वर्षांचा असताना त्याच शहरातल्या किल्ल्याच्या खिडकीतून बादशहाचे प्रतिनिधी बाहेर फेकले गेले आणि तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. तेरा वर्षांचा असताना शहराबाहेरच्या श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियाचा पराभव झाला. पुढच्या वर्षी, १६२१ च्या जूनमध्ये, जुन्या शहराच्या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना जाहीरपणे देहान्त शिक्षा देण्यात आली. १६२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, होलारने प्राग सोडले. मग स्टुटगार्ट, स्ट्रासबुर्ग, फ्रँकफुर्ट, कोलोन अशी गावे त्याने पालथी घातली. कोलोनमध्ये १६३६ साली त्याची गाठ अरुंडेलचा अर्ल टॉमस हॉवर्ड याच्याशी पडली. हा इंग्लंडचा बडा उमराव, कलावस्तूंचा मोठा संग्राहक, बादशहाकडे वकिलातीसाठी निघाला होता. त्याने होलारला आपल्या पदरी घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस होलार लंडनला पोहोचला.

त्याचे काम कसे चालत असेल, हे समजल्याशिवाय या बायकांकडे नीट पाहता येत नाही. एचिंग म्हणजे तेजाबाकडून करून घेतलेले कोरीव काम. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, तो धुरावर धरून काळा करायचा. मग बारीक सुईने त्या काळ्या थरावर चित्र काढायचे. सुई जिथून जाते तिथे तांबे उघडे पडते. पत्र्यावर तेजाब ओतले की ते उघड्या रेषा तेवढ्या खाते. ज्या रेषा फिक्या राहायला हव्यात त्या थोड्या वेळाने झाकून टाकायच्या, ज्या गडद हव्यात त्यांना आणखी खाऊ द्यायचे. शेवटी मेण पुसून, त्या खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओल्या कागदासकट पत्रा दाबयंत्रातून काढायचा. चित्र उमटते ते उलटे. उजवे ते डावे. खालची अक्षरेही पत्र्यावर उलटी काढावी लागतात. छिन्नीने तांबे कोरणाऱ्या कारागिराला मनगटाचा जोर लागतो. इथे सुई लेखणीसारखी हलकी चालते, म्हणून हात मोकळा राहतो. पण चुकीला जागा कमी. तेजाबाने एकदा खाल्लेले परत येत नाही.

या पद्धतीने होलारने आयुष्यभरात सुमारे सत्तावीसशे चित्रे केली. शहरांचे देखावे, जहाजे, देवळे, शिंपले, फुलपाखरे, नकाशे, दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला; ज्याचे पैसे मिळतील ते सारे. त्यांत स्त्रियांच्या पोशाखाच्या मालिका तीन. १६४० साली इंग्रज बायकांच्या पोशाखाची सव्वीस चित्रे निघाली. तिच्या लांबलचक नावातच योजना सांगितलेली आहे: उमराव घराण्यापासून खेडवळ बाईपर्यंत इंग्रज स्त्रियांचे पोशाख, सध्याच्या काळात आहेत तसे. १६४३ साली 'थिएट्रुम मुलिएरुम', म्हणजे स्त्रियांची रंगभूमी, हा युरोपातील निरनिराळ्या प्रांतांतल्या बायकांचा संच निघाला, आणि १६४४ मध्ये 'आउला वेनेरिस', व्हीनसचा दरबार. दोन्ही मिळून शंभराच्या आसपास चित्रे.

असे संच काढणारा होलार पहिला नव्हे. व्हेनिसच्या चेझारे वेचेल्लिओने १५९० सालीच चारशेहून अधिक लाकडी ठशांचे पोशाखांचे पुस्तक काढले होते. त्यात जवळची शहरे होती तशी त्याने डोळ्यांनी कधी न पाहिलेली आशिया-आफ्रिकाही होती. पुस्तक पाहून पुस्तक काढायचे, हा या धंद्याचा रिवाज होता. होलारचे वेगळेपण असे की ज्या शहरांच्या बायका त्याने दाखवल्या त्यांतल्या कितीतरी शहरांत तो स्वतः राहिला होता, तिथल्या रस्त्यांवरून हिंडला होता. बाजारातून कामावर जाणारा माणूस जसा रोज दिसणाऱ्यांकडे पाहतो, तसे त्याने या बायकांकडे पाहिले असणार.

पोशाखाला तेव्हा एवढे महत्त्व का होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. जर्मन शहरांतल्या नगरसभा पोशाखाचे कायदे करीत. कोणत्या दर्जाच्या घरातल्या बाईने कोणते कापड वापरावे, किती लेस लावावी, कोणते फर तिला चालेल, हे ठरलेले असे, आणि मोडले तर दंड. म्हणजे तिथे टोपी पाहून गाव ओळखता येई, कापड पाहून दर्जा ओळखता येई. इंग्लंडात असले कायदे १६०४ सालीच रद्द झाले होते. तरीही होलारच्या १६४० च्या संचात उमराव बाई पुढे आहे आणि खेडवळ बाई मागे आहे. कायद्याच्या पुस्तकातली शिडी काढून घेतली तरी माणसाच्या डोक्यातली शिडी तशीच राहते, हे समजायला आपल्याला सतराव्या शतकातल्या लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही.

आता ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले तिच्याकडे येते. होलार अरुंडेलबरोबर १६३६ साली ऱ्हाईनच्या काठाने आणि पुढे जर्मनीतून गेला, तेव्हा युद्ध सुरू होऊन अठरा वर्षे झाली होती. त्याच प्रवासातल्या विल्यम क्राऊन नावाच्या माणसाने आपली रोजनिशी १६३७ साली छापली. तीत जळून गेलेली खेडी आहेत, ओस पडलेली गावे आहेत, भुकेने व्याकूळ झालेली माणसे आहेत. होलारने हे सारे पाहिले असले पाहिजे. तो त्याच ताफ्यात होता. पण त्याच्या पोशाखाच्या चित्रांतली ऱ्हाईनकाठची बाई शांत उभी आहे. तिची गळपट्टी खळ घालून कडक केलेली आहे. खळ धान्याची करतात. ज्या मुलखात माणसे धान्यावाचून मरत होती, त्या मुलखातल्या बाईच्या गळ्यातली चुणीन् चुणी ताठ आहे.

याला काय म्हणावे? खोटेपणा म्हणावा, तर चुणी खोटी नाही. त्या शहरात तसल्या गळपट्ट्या होत्याच. भीती म्हणावी, तर चित्र विकत घेणारे गिऱ्हाईक पोशाख पाहायला पैसे देत होते, दुष्काळ पाहायला नव्हे. मला वाटते, हीच या प्रकारच्या चित्रांची मर्यादा आहे. एका बाईला उचलून कोऱ्या कागदावर उभे केले की तिच्या आजूबाजूचे सगळे गळून पडते. घर गळते, रस्ता गळतो, युद्ध गळते, भूक गळते. राहतो तो पोशाख आणि गावाचे नाव.

होलारला माणसांचे चेहरे दिसत नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्री या लेखकाने त्याची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. होलार प्रथम इंग्लंडला आला तेव्हा शांततेचे दिवस होते, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांचे चेहरे त्याला आनंदी दिसले. यादवीमुळे तो १६४४ मध्ये अँटवर्पला गेला आणि १६५२ मध्ये परत आला. तेव्हा त्याला लोकांचे चेहरेच पालटलेले दिसले. उदास, खुनशी, कुणीतरी चेटूक केल्यासारखे. ज्या माणसाला एका देशाचा चेहरा बदललेला ओळखू येतो, त्याने आयुष्यात पुष्कळ चेहरे बारकाईने पाहिलेले असतात. १६४० च्या त्या संचाच्या नावातले 'सध्याच्या काळात आहेत तसे' हे शब्द मला म्हणूनच चटका लावून जातात. तो सध्याचा काळ आणखी दोन वर्षेच टिकणार होता. १६४२ साली लढाई सुरू झाली.

त्याच सुमाराला त्याने चार ऋतूंची चार चित्रे केली. प्रत्येक ऋतू म्हणजे एक उभी बाई. यांत मात्र मागे शहर आहे. हिवाळ्याची बाई लंडनच्या कॉर्नहिल या व्यापारी रस्त्यावर उभी आहे. तिच्या हातांत मफ आहे. मफ म्हणजे थंडीत दोन्ही हात खुपसायची, दोन्ही बाजूंनी उघडी अशी केसाळ कातड्याची नळी. डोक्यावर टोप, आणि चेहऱ्यावर थंडीवाऱ्यापासून कातडी राखण्यासाठी घातलेला काळा मुखवटा. म्हणजे जो थोडा चेहरा दिसायचा तोही झाकला. पुढे १६४७ साली अँटवर्पमध्ये केलेल्या एका चित्रात तर बाईच नाही. टेबलावर मफ आहेत, हातमोजे आहेत, पंखा आहे, मुखवटा आहे, लेस आहे. ती वापरणारी कुठेतरी निघून गेली आहे. जणू पोशाखाच्या चित्रांची वाट जिथे जाऊन थांबायची तिथे थांबली.

आणि तरीही सांगायला हवे की ते मफ पाहण्यासारखे आहेत. काळ्या शाईखेरीज काही नाही, पण फरावर हात फिरवावासा वाटतो. केस कुठे दाट, कुठे विरळ, कुठे वळलेले, कुठे दाबले गेलेले, हे हजारो बारीक रेषांनी दाखवले आहे. ऑब्री म्हणतो, होलारची नजर फार अधू होती, आणि त्याच्या कामाचे खरे कसब भिंगाशिवाय कळत नाही. आज भिंगाचीही गरज नाही. टोरांटो विद्यापीठाच्या टॉमस फिशर दुर्मीळ ग्रंथालयाने त्याची चित्रे संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत. आपल्या ग्रंथालयात बसून ती हवी तेवढी मोठी करून पाहता येतात. मी एकदा एका बाईच्या खांद्यावरची लेस मोठी करीत गेले. मोठी केली तरी लेस लेसच राहिली. रेघोट्या झाल्या नाहीत. प्रत्येक पाकळी, प्रत्येक भोक जागच्या जागी.

लेस हे बायकांचे काम. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी फिरक्यांना गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून नेत, फ्लँडर्समधल्या बायका ती विणीत असत. वीतभर लेससाठी किती तास डोळे फोडावे लागत असतील! होलारच्याही कामाचा हिशेब तासांवर होता. त्याच्याविषयी अशी आठवण सांगतात की तो तासाला चार पेन्स या दराने काम करी आणि समोर वाळूचे घड्याळ ठेवी. मध्येच कुणी बोलायला आले की घड्याळ आडवे करी, म्हणजे गप्पांचा वेळ गिऱ्हाइकाच्या नावावर पडू नये. अधू नजरेचा हा प्रामाणिक मजूर पत्र्यावर वाकून लेसचे दोरे मोजीत बसलेला माझ्या डोळ्यांपुढे येतो, आणि वाटते, ती लेस विणणारी बाई आणि ती लेस काढणारा हा माणूस यांची गाठ पडली असती तर त्यांना एकमेकांचे दुःख समजले असते. दोघांची मान एकाच ठिकाणी दुखत असणार.

पण फरक आहेच. होलार आपल्या चित्रांवर सही करी, आणि सहीत नावापुढे पुष्कळदा 'बोहेमुस' असे लिही. बोहेमुस म्हणजे बोहेमियाचा. विसाव्या वर्षी सोडलेल्या मुलखाचे नाव त्याने परक्या देशात पन्नास वर्षे आपल्या नावाला लावले. त्याचे हाल काही कमी झाले नाहीत. मुलगा प्लेगने गेला, तो मुलगाही सुंदर चित्रे काढीत असे. मोठ्या माणसांनी कामे करून घेतली, पण हातात पैसा टिकला नाही. १६७७ च्या मार्चमध्ये तो वारला तेव्हा जप्तीची माणसे दारात आली होती आणि निदान मरेपर्यंत अंगाखालची खाट नेऊ नका, अशी त्याने विनवणी केली, अशी हकिगत सांगितली जाते. गरिबीत मेला, परक्या देशात मेला. पण नाव आणि गाव दोन्ही घेऊन मेला. त्याने काढलेल्या बाईला त्याने गाव दिले, नाव दिले नाही. जिला गावही पुरेसे नव्हते तिला नवरा दिला. अमक्या शहरातल्या व्यापाऱ्याची बायको.

या साऱ्या मांडणीला एकाच चित्राने धक्का बसतो. ते १६४५ सालचे, अँटवर्पच्या मुक्कामातले. एका कृष्णवर्णी तरुणीचे डोके आणि खांदे, एवढेच चित्र. तिच्या अंगावर आफ्रिकेचा म्हणून दाखवता येईल असा कोणताही पोशाख नाही. तिने युरोपातल्या बाईसारखी लेस ल्यालेली आहे. कोणत्या मुलखाची बाई म्हणून तिला रंगभूमीवर उभे करणार? पोशाख एका गावाचा, चेहरा दुसऱ्या खंडाचा. होलारने ती कसलाही नमुना म्हणून काढलेली दिसत नाही. तो तिच्याकडे नुसता पाहतो आहे, आणि तिच्या गालावरचा उजेड आणि लेसवरचा उजेड सारख्याच काळजीने टिपतो आहे. या एका चित्रात पोशाख मागे सरला आहे आणि माणूस पुढे आला आहे. तरी नाव नाहीच. ती अँटवर्पला कशी आली, कुणाच्या घरी राहत होती, तिला काय म्हणून हाक मारीत, ते सारे तिच्याबरोबर गेले.

हे सगळे दूर देशीचे म्हणून सोडून देता आले असते. पण पोशाखावरून माणसांची वर्गवारी करणारी ही पुस्तके पुढे समुद्र ओलांडून आपल्या दारात आली. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६३ साली काढले. त्यात माणसांची छायाचित्रे कापून वेगळ्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पाठिंब्याने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे, आणि बहुतेकांच्या खाली जात, जमात, गाव. सुईच्या जागी कॅमेरा आला. खालची ओळ तीच राहिली. होलार निदान तासाला चार पेन्सांचा मजूर होता. हे तर राज्यकर्ते होते आणि कोणावर राज्य करायचे आहे त्याची यादी करीत होते.

राज्यकर्त्यांना बोल लावणे सोपे आहे. मला मात्र आमच्या घरातली एक गोष्ट आठवते आणि मग तेवढे सोपे वाटत नाही. आमच्याकडे जुन्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि जमिनीच्या कागदांखाली, एक फोटो आहे. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे एक बाई उभी आहे. नऊवारी लुगडे, डोक्यावरून पदर, नाकात नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मी आजीला विचारले, "ही कोण ग?" आजीने चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाली, "सासूबाईंच्या माहेरची कुणीतरी. त्यांची चुलतबहीण असेल नाहीतर भावजय. लुगडं महेश्वरी आहे बघ, काठ ओळखू येतो." मी म्हटले, "नाव काय हिचं?" आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुठलं नाव सांगू? माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं. आम्हांला दोन्ही कुणी सांगितली नाहीत."

लुगड्याचे नाव राहिले. बाईचे नाव राहिले नाही. आणि हे कुणा परक्या चित्रकाराने केले नाही, कुणा साहेबाने केले नाही. आमच्याच घरात, तिच्याच माणसांत झाले. लग्नात मुलीचे नाव बदलायचे, मग तिला अमक्याची सून, तमक्याची आई म्हणायचे, आणि दोन पिढ्यांनी फोटो पाहून काठ ओळखायचा. होलारच्या चित्राखालची ओळ मी आजवर परकी म्हणून वाचीत होते. लंडनच्या व्यापाऱ्याची बायको. ही ओळ आमच्या घरात मराठीत शतकभर बोलली गेली आहे.

म्हणून होलारला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. उलट कधी कधी वाटते, त्याच्याजवळ जे देण्यासारखे होते ते त्याने दिले. त्याच्या हातात तेजाब होते, सुई होती, आणि नजर अधू असूनही दुसऱ्याच्या अंगावरच्या वस्त्राकडे मन लावून पाहण्याची चिकाटी होती. एखाद्या बाईच्या बाहीची घडी इतक्या काळजीने काढायची की चारशे वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या मुलीने ती पाहून कापड सुती की रेशमी हे सांगावे. याला मान देणे म्हणतात की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, म्हणतात. पण तो अर्धा मान आहे. उरलेला अर्धा पाहून देता येत नाही; तो विचारून द्यावा लागतो. समोरच्या बाईला 'तुझे नाव काय' एवढे विचारायला सुई लागत नाही, तासाचे चार पेन्सही पडत नाहीत. होलारच्या काळात ते कुणाला सुचले नाही. आमच्या घरी ते सुचायला मी फार उशिरा जन्मले.

पण अजून सगळाच उशीर झालेला नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कुठल्या तरी ट्रंकेत, कुठल्या तरी कपाटात असा एखादा फोटो असेल, आणि तो उजेडात धरून काही सांगू शकेल असे एखादे माणूसही अजून असेल. इतिहासाची साधने दफ्तरखान्यांतच असतात असे नाही. त्या सुट्टीत मी आजीजवळ बसले आणि जेवढ्या फोटोंमधल्या बायका तिला ओळखता आल्या, तेवढ्यांची नावे पेन्सिलीने मागे लिहिली. माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, आणि आजीला आठवला तर एखादा स्वभावही. "ही फार हसायची," असे एकीच्या मागे लिहिले आहे. ते कुठल्याच पोशाखावरून कळले नसते.

त्या महेश्वरी लुगड्यातल्या बाईच्या फोटोमागे मी गाव लिहिले आहे. त्याच्या वरची ओळ कोरी आहे.